ई-कचरा विल्हेवाटीतील व्यावसायिक जबाबदारी

ई-कचरा विल्हेवाटीतील व्यावसायिक जबाबदारी म्हणजे वापरातून बाद झालेल्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक साधनांची सुरक्षित आणि कायदेशीर विल्हेवाट लावण्यासंबंधी उत्पादक, आयातदार, पुनर्चक्रण करणारे उद्योग, तसेच कार्यालये, बँका, रुग्णालये व हॉटेले यांसारखे मोठे वापरकर्ते यांच्यावर असलेली कर्तव्ये होत. भारतात ही कर्तव्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्ये सांगितली आहेत. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. महाराष्ट्रात त्यांच्या अंमलबजावणीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देखरेख ठेवते.

या नियमांचा मुख्य भर साधने बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. वापरकर्त्या व्यवसायांवरील कर्तव्य त्यांच्याकडील साधनांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील लोणावळा व तुंगार्लीसारख्या पर्यटनावर अवलंबून असलेल्या परिसरात, जिथे लहान-मध्यम हॉटेले, विश्रामगृहे आणि भाड्याचे बंगले मोठ्या संख्येने आहेत, तिथे कोणता व्यवसाय नियमांच्या कक्षेत येतो आणि कोणता येत नाही हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

## व्याख्या व व्याप्ती

पूर्णतः किंवा अंशतः टाकून दिलेली विद्युत व इलेक्ट्रॉनिक साधने, तसेच उत्पादन, नूतनीकरण आणि दुरुस्ती या प्रक्रियांतून नाकारले गेलेले सुटे भाग यांना ई-कचरा म्हणतात. २०२२ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत १०६ प्रकारची साधने सात वर्गांत विभागली आहेत. माहिती तंत्रज्ञान व दूरसंचार साधने, ग्राहकोपयोगी साधने व सौर पटले, लहान-मोठी घरगुती साधने, विद्युत अवजारे, खेळणी व क्रीडासाधने, वैद्यकीय उपकरणे आणि प्रयोगशाळेतील उपकरणे असे हे वर्ग आहेत. २०१६ च्या नियमांत केवळ दोन वर्ग आणि २१ प्रकार होते.

पुढील बाबींना हे नियम लागू होत नाहीत:

* टाकाऊ बॅटऱ्या. त्यांच्यासाठी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे स्वतंत्र नियम आहेत.
* वेष्टनाचे प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ च्या कक्षेत येते.
* किरणोत्सारी कचरा.
* सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार ‘सूक्ष्म’ ठरणारे उपक्रम.

बॅटरीचा अपवाद व्यवहारात बराच गोंधळ निर्माण करतो. इन्व्हर्टर, यूपीएस किंवा लॅपटॉप बाद करताना यंत्र एका नियमाखाली आणि त्यातील बॅटरी दुसऱ्या नियमाखाली जाते. त्यामुळे व्यवसायाला दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

## पार्श्वभूमी

धोकादायक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा बासेल करार १९८९ मध्ये स्वीकारला गेला आणि १९९२ मध्ये अमलात आला. भारताने त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. बाद झालेल्या मालाचा खर्च उत्पादकाने उचलावा हे तत्त्व युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे आपल्या सदस्य देशांत लागू केले. जपानमध्ये दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, धुलाई यंत्र व वातानुकूलन यंत्र यांच्या पुनर्चक्रणाचा कायदा २००१ पासून पूर्णपणे अमलात आला.

भारतात ई-कचऱ्याचा पहिला मोठा अंदाज २००५ सालासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मांडला. त्यानुसार देशात वर्षाला सुमारे १.४६ लाख टन ई-कचरा निर्माण होत होता. राज्यांमध्ये महाराष्ट्र सुमारे २०,२७० टनांसह पहिल्या स्थानी होता. शहरांमध्ये मुंबई सुमारे ११,०१७ टनांसह पहिली होती, तर पुण्याचा वाटा सुमारे २,५८४ टन आणि नागपूरचा सुमारे १,७६९ टन होता. पुढे हे प्रमाण झपाट्याने वाढले. केंद्रीय मंडळाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे १०.१५ लाख टन, तर २०२१-२२ मध्ये सुमारे १६.०१ लाख टन ई-कचरा निर्माण झाला. २०२१-२२ मध्ये त्यांपैकी सुमारे ५.२७ लाख टन, म्हणजे साधारण एक तृतीयांश कचराच अधिकृत यंत्रणेकडे गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्के कचऱ्याचेच नोंदणीकृत संकलन व पुनर्चक्रण झाले.

## भारतातील नियमांची वाटचाल

२०११ चे नियम. ई-कचऱ्यासाठीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व ही संकल्पना त्यांनी भारतीय ई-कचरा कायद्यात आणली. मात्र त्यांत संकलनाचे आकडेवार लक्ष्य नव्हते.

२०१६ चे नियम. हे नियम १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाले. त्यांनी उत्पादकांना संकलनाची लक्ष्ये घालून दिली. २०१८ च्या दुरुस्तीने ही लक्ष्ये शिथिल करून २०१७-१८ साठी १० टक्क्यांपासून सुरुवात करण्यात आली व दरवर्षी १० टक्के वाढ ठेवण्यात आली. या नियमांत ‘मोठा ग्राहक’ ही व्याख्या विस्तृत होती. केंद्र व राज्य शासनाची खाती, सार्वजनिक उपक्रम, बँका, शैक्षणिक संस्था, नोंदणीकृत कारखाने व कंपन्या तीत येत. एक कोटी रुपयांहून अधिक उलाढाल किंवा वीसहून अधिक कर्मचारी असलेली रुग्णालयेही तीत समाविष्ट होती. अशा ग्राहकांना ई-कचऱ्याची नोंदवही ठेवून राज्य मंडळाकडे वार्षिक विवरण सादर करावे लागे.

२०२२ चे नियम. २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनी व्यवस्थेचा गाभाच बदलला. संकलनाऐवजी पुनर्चक्रणाचे लक्ष्य आले, केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी बंधनकारक झाली आणि प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री सुरू झाली. मोठ्या ग्राहकाची व्याख्या संस्थेच्या स्वरूपाऐवजी साधनांच्या संख्येवर आधारण्यात आली. २०२३ व २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्त्या झाल्या.

## विविध घटकांच्या जबाबदाऱ्या

### निर्माता

साधने किंवा त्यांचे भाग तयार करणाऱ्या उद्योगाने केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करणे, उत्पादनप्रक्रियेत निर्माण झालेला ई-कचरा गोळा करून त्याच्या पुनर्चक्रणाची किंवा विल्हेवाटीची व्यवस्था करणे आणि विवरणपत्रे भरणे आवश्यक आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी, हायर व व्हर्लपूल या घरगुती साधने बनवणाऱ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यामुळे पुणे जिल्हा या साधनांच्या वापराचाच नव्हे, तर निर्मितीचाही जिल्हा आहे.

### उत्पादक

नियमांच्या परिभाषेत ‘उत्पादक’ म्हणजे केवळ कारखानदार नव्हे. आपल्या नाममुद्रेने साधने विकणारा, दुसऱ्याने बनवलेली साधने आपल्या नाममुद्रेने विकणारा, तसेच साधने आयात करून विकणारा व्यापारी या सर्वांना उत्पादक मानले जाते. परदेशातून साहित्य मागवून विकणारा मध्यम व्यापारीही या व्याख्येमुळे लक्ष्यांना बांधला जातो.

उत्पादकाने दरवर्षी पुनर्चक्रणाचे पुढील लक्ष्य पूर्ण करावयाचे असते:

* २०२३-२४ व २०२४-२५: ६० टक्के
* २०२५-२६ व २०२६-२७: ७० टक्के
* २०२७-२८ व त्यापुढे: ८० टक्के

ही टक्केवारी चालू वर्षाच्या विक्रीवर मोजली जात नाही. साधनाचे सरासरी आयुष्य जितकी वर्षे, तितक्या वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या मालाच्या वजनावर ती मोजतात. उदाहरणार्थ, एखाद्या साधनाचे आयुष्य १० वर्षे धरले आणि कंपनीने २०१५-१६ मध्ये अशी १,००० टन साधने विकली असली, तर २०२५-२६ मध्ये तिचे लक्ष्य ७०० टन येते.

हे लक्ष्य उत्पादक नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन पूर्ण करतो. सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोह या धातूंच्या प्रत्यक्ष पुनर्प्राप्तीवर प्रमाणपत्रे निर्माण होतात. ज्या आर्थिक वर्षात प्रमाणपत्र निर्माण झाले त्याच्या अखेरीपासून दोन वर्षे ते वैध असते. त्याची किंमत पर्यावरणीय भरपाईच्या ३० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान राहील अशी तरतूद आहे. किमान दराची ही व्यवस्था काही उत्पादक कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केली आहे. आपला खर्च अवाजवी वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. किमान दर नसल्यास पुनर्चक्रण उद्योग तग धरू शकणार नाही आणि कचरा पुन्हा अनधिकृत हातांत जाईल, अशी शासनाची भूमिका आहे.

### नूतनीकरण करणारे उद्योग

जुनी साधने दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनीही नोंदणी करावयाची असते. नूतनीकरणामुळे साधनाचे आयुष्य वाढते, म्हणून त्याची प्रमाणपत्रे उत्पादकाची जबाबदारी संपवत नाहीत, ती पुढे ढकलतात. शेवटी ते साधन पुनर्चक्रणाला जाणारच असते, हा त्यामागील तर्क आहे.

### पुनर्चक्रण करणारे उद्योग

या उद्योगांनी केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रक्रिया करणे, स्वतः प्रक्रिया करू न शकणारे घटक योग्य त्या नोंदणीकृत उद्योगाकडे पाठवणे आणि उरलेला धोकादायक अवशेष अधिकृत विल्हेवाट केंद्रात जमा करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात धोकादायक कचऱ्यासाठी अशी सामायिक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे आहेत.

### मोठा ग्राहक

एका आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी अनुसूचीतील किमान १,००० साधने वापरात असलेली कोणतीही संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते. ऑनलाइन विक्रेत्यांचाही या व्याख्येत समावेश आहे. मोठ्या ग्राहकावर नियमांनी एकच, पण स्पष्ट बंधन घातले आहे. त्याने आपला ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण उद्योग किंवा पुनर्चक्रण उद्योग यांच्याकडेच सोपवावा. रस्त्यावरच्या भंगार व्यापाऱ्याला असे साहित्य विकणे हा या बंधनाचा भंग ठरतो.

### स्थानिक स्वराज्य संस्था

महापालिका, नगरपरिषदा यांनी नागरी घनकचऱ्यात मिसळून आलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत उद्योगांकडे पाठवावयाचा असतो. ज्यांचा उत्पादक ओळखता येत नाही किंवा अस्तित्वात राहिलेला नाही, अशा ‘अनाथ’ साधनांची जबाबदारीही त्यांच्यावर आहे.

## व्यवसायांतर्गत विल्हेवाटीचे टप्पे

कार्यालय, रुग्णालय किंवा हॉटेल यांच्या पातळीवर ही जबाबदारी साधारणपणे पुढील टप्प्यांत पार पाडली जाते.

नोंद व मोजणी. साधनांची जडवस्तू नोंदवही, म्हणजेच व्यवहारातील ‘डेडस्टॉक रजिस्टर’, हा या प्रक्रियेचा पाया असतो. साधनांची संख्या माहीत नसल्यास आपण मोठा ग्राहक आहोत की नाही, हेच व्यवसायाला ठरवता येत नाही. शासकीय कार्यालयांत साधन बाद करण्यापूर्वी निर्लेखनाचा आदेश लागतो. तो न झाल्याने जुने संगणक वर्षानुवर्षे खोल्या अडवून ठेवतात, हे चित्र सर्वत्र दिसते.

पुनर्वापराचा विचार. चालू स्थितीतील साधन अन्य विभागाला देणे किंवा नूतनीकरणासाठी पाठवणे हा पर्याय पुनर्चक्रणापेक्षा पर्यावरणाच्या दृष्टीने श्रेयस्कर मानला जातो.

माहिती पुसणे. संगणक, छायाप्रत यंत्रे, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर व मोबाइल यांत ग्राहकांची वैयक्तिक माहिती साठलेली असते. हॉटेलांच्या बाबतीत पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती त्यांत असू शकतात. केवळ फाइल काढून टाकल्याने माहिती नष्ट होत नाही. त्यासाठी विशेष आज्ञावली वापरावी लागते किंवा साठवण तबकडी प्रत्यक्ष नष्ट करावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

साठवण. निर्माता, उत्पादक, नूतनीकरण व पुनर्चक्रण उद्योग यांना ई-कचरा कमाल १८० दिवस साठवता येतो. विशिष्ट प्रक्रिया विकसित करण्यासाठी ही मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. वापरकर्त्या व्यवसायानेही साधने पावसापासून सुरक्षित, पक्क्या फरशीवर आणि न फोडता ठेवणे हिताचे असते. पाऱ्याच्या नळ्या व जुन्या दूरचित्रवाणीच्या काचनळ्या फुटल्यास अनुक्रमे पारा व शिसे बाहेर पडण्याचा धोका असतो.

हस्तांतरण व दाखला. साहित्य घेणाऱ्याची नोंदणी केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर तपासणे, वजनाची पावती घेणे आणि पुनर्चक्रणाचा दाखला जपून ठेवणे हा अखेरचा टप्पा होय.

सूचिबद्ध कंपन्यांना याखेरीज प्रकटीकरणही करावे लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीच्या ‘व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाला’त २०२२-२३ पासून ई-कचऱ्याचे टनांतील प्रमाण नमूद करणे बंधनकारक आहे.

## भंगार बाजार व अनौपचारिक क्षेत्र

भारतातील ई-कचऱ्याचा मोठा भाग आजही अनौपचारिक क्षेत्रातून जातो. मुंबईत कुर्ला, साकीनाका व धारावी, दिल्लीत सीलमपूर आणि उत्तर प्रदेशात मुरादाबाद ही त्याची परिचित केंद्रे आहेत. तांब्यासाठी तारा जाळणे, सर्किट बोर्डावरील सोने आम्लात विरघळवणे आणि उरलेला भाग उघड्यावर टाकणे या पद्धतींमुळे शिसे, कॅडमियम व विषारी वायू यांचा संपर्क प्रथम तिथल्या कामगारांना आणि नंतर भोवतालच्या वस्तीला होतो.

व्यवसायांच्या दृष्टीने मुख्य अडचण किमतीची असते. भंगार व्यापारी दारात येऊन रोख पैसे देतो. त्याला प्रदूषण नियंत्रणाचा, कामगारांच्या सुरक्षेचा किंवा अवशेष विल्हेवाट केंद्रात पाठवण्याचा खर्च नसतो. अधिकृत उद्योगाला हे सारे खर्च असल्याने तो बहुधा कमी दर देतो, थोड्या मालासाठी वाहतूकखर्चही मागतो. जुने साहित्य सर्वाधिक बोली लावणाऱ्याला लिलावाने देण्याची रूढ पद्धत यामुळे अनधिकृत खरेदीदाराला अनुकूल ठरते. म्हणूनच लिलावाच्या अटींतच नोंदणीची पात्रता घालणे हा त्यावरील उपाय मानला जातो.

अनौपचारिक क्षेत्राला वगळण्याऐवजी अधिकृत साखळीत सामावून घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी घरोघरच्या संकलनाबरोबरच ई-कचरा व जुन्या वस्तू गोळा करण्याचे उपक्रम चालवले आहेत. संकलन कष्टकऱ्यांकडे आणि रासायनिक प्रक्रिया सुसज्ज कारखान्याकडे, अशी ही विभागणी आहे.

## लोणावळा व तुंगार्ली परिसर

लोणावळा हे मावळ तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण असून तेथील नगरपरिषदेची स्थापना १८७७ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५७ हजार होती. तुंगार्ली हा याच शहराचा भाग असून ब्रिटिशकाळात बांधलेले तुंगार्ली धरण, हॉटेले आणि बंगल्यांच्या वसाहती यांसाठी तो ओळखला जातो. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये लोणावळ्याला देशात दुसरा क्रमांक मिळाला. विटा पहिल्या व सासवड तिसऱ्या स्थानी होते.

स्थायी लोकसंख्या कमी आणि पाहुण्यांसाठीची साधने अधिक, हे अशा पर्यटनस्थळाचे वैशिष्ट्य असते. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्र, लहान शीतकपाट, दूरध्वनी, विजेची किटली, केस वाळवण्याचे यंत्र व पंखा अशी सात साधने धरल्यास १५० खोल्यांच्या हॉटेलात १,०५० साधने होतात. असे हॉटेल केवळ खोल्यांतील साधनांवरच मोठ्या ग्राहकाच्या व्याख्येत येते. त्याच हिशोबाने ४० खोल्यांच्या हॉटेलात २८० साधने भरतात आणि स्वयंपाकघर व कार्यालय धरूनही ते मर्यादेच्या बरेच खाली राहते. भाड्याने दिल्या जाणाऱ्या एकेका बंगल्याचा तर प्रश्नच येत नाही.

यात सूक्ष्म उपक्रमांच्या सवलतीची भर पडते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उपक्रमाची व्याख्या विस्तारली असून यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उपक्रम सूक्ष्म ठरतो. पूर्वी या मर्यादा अनुक्रमे एक कोटी व पाच कोटी होत्या. परिणामी, पूर्वी लघु गणले जाणारे काही व्यवसाय आता सूक्ष्म ठरून ई-कचरा नियमांच्या कक्षेबाहेर जातात.

नियमांतून सूट मिळाल्याने साधनांतील घातक द्रव्ये मात्र कमी होत नाहीत. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावर टाकलेल्या किंवा जाळलेल्या साहित्यातील धातू अशा पावसात मातीत व ओढ्यांत उतरण्याची शक्यता कोरड्या प्रदेशापेक्षा अधिक असते. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि पुढे देहू व आळंदीवरून तुळापूर येथे भीमेला मिळते. उगमाजवळच्या प्रदूषणाचा भार त्यामुळे खालच्या गावांवर येतो.

अशा लहान व्यवसायांपुढे प्रामुख्याने तीन मार्ग असतात. उत्पादक कंपनीच्या संकलन किंवा अदलाबदल योजनेत जुने साधन देणे, नगरपरिषदेच्या संकलन व्यवस्थेचा उपयोग करणे, किंवा अनेक व्यवसायांनी मिळून ठरावीक काळाने एकत्रित संकलन करणे. तिसऱ्या मार्गाने माल एका गाडीचा भरतो आणि वाहतुकीचा खर्च वाटला जातो. दर काही वर्षांनी होणाऱ्या खोल्यांच्या नूतनीकरणात एकाच वेळी अनेक संच बाद होतात. त्यामुळे नूतनीकरणाच्या कंत्राटातच जुन्या साधनांच्या अधिकृत विल्हेवाटीची अट घातल्यास हे काम सुकर होते.

## विशेष घटक

शीतक वायू. वातानुकूलन यंत्रे व शीतकपाटांतील वायू हवेत सोडल्यास ओझोनचा थर किंवा तापमानवाढ यांवर परिणाम होतो. २०२३ च्या दुरुस्तीने या वायूंचे व्यवस्थापनही केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे करणे आवश्यक केले. तांब्याच्या नळीसाठी यंत्र कापून वायू सोडून देणे ही भंगार बाजारातील सर्रास पद्धत या तरतुदीशी विसंगत आहे.

सौर पटले. सौर पटलांसाठी नियमांत स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या निर्मात्यांनी व उत्पादकांनी नोंदणी करून निर्माण झालेला कचरा २०३४-३५ पर्यंत मार्गदर्शक सूचनांप्रमाणे साठवून ठेवावयाचा आहे.

घातक द्रव्यांवरील मर्यादा. नव्या साधनांत शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि दोन प्रकारची ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके यांचे प्रमाण एकसंध पदार्थात वजनाने ०.१ टक्क्यापेक्षा, तर कॅडमियमचे ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. काही साधनांना यातून सूट आहे.

## भरपाई व दंड

लक्ष्य पूर्ण न करणाऱ्या उत्पादकाकडून, तसेच खोटी माहिती देणाऱ्या किंवा नोंदणीविना काम करणाऱ्या घटकांकडून केंद्रीय मंडळाच्या निकषांनुसार पर्यावरणीय भरपाई वसूल केली जाते. भरपाई भरल्याने मूळ जबाबदारी संपत नाही. थकलेले लक्ष्य एका वर्षात पूर्ण केल्यास भरपाईच्या ८५ टक्के, दोन वर्षांत ६० टक्के आणि तीन वर्षांत ३० टक्के रक्कम परत मिळते. ही व्यवस्था ‘प्रदूषण करणारा खर्च भरील’ या तत्त्वावर आधारलेली असून हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मधील निकालांत भारतीय कायद्याचा भाग म्हणून मान्य केले आहे.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. जन विश्वास (तरतुदींची सुधारणा) अधिनियम, २०२३ ने ती बदलून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती ठेवली. हा बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. पर्यावरणविषयक वादांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुणे येथे आहे.

## टीका व मर्यादा

२०२२ च्या नियमांवर पुढील आक्षेप घेतले जातात.

* मोठ्या ग्राहकाची मर्यादा. संस्थेच्या स्वरूपाऐवजी १,००० साधनांचा निकष आल्याने मध्यम आकाराची अनेक कार्यालये, शाळा, रुग्णालये व हॉटेले कक्षेबाहेर गेली. २०१६ च्या नियमांनुसार त्यांपैकी बऱ्याच संस्थांना नोंदी व विवरण सादर करावे लागत होते.
* नोंदणीचा अभाव. मोठ्या ग्राहकांना संकेतस्थळावर नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे मर्यादा ओलांडणारी संस्था कोणती, हे शोधण्याचे काम तपासणी यंत्रणेवर पडते.
* संकलनाकडे दुर्लक्ष. प्रमाणपत्रे पुनर्प्राप्त धातूवर मिळत असल्याने कचरा कोठून आला याला दुय्यम महत्त्व राहते. मोठ्या शहरांतून एकगठ्ठा माल उचलणे सोपे असल्याने लहान शहरे मागे पडण्याची शक्यता असते.
* मर्यादित धातू. प्रमाणपत्रे चारच धातूंसाठी असल्याने इतर दुर्मीळ मूलद्रव्ये व प्लॅस्टिक यांच्या पुनर्प्राप्तीला तुलनेने कमी प्रोत्साहन मिळते.

याउलट, एकच राष्ट्रीय संकेतस्थळ, एकसारखी लक्ष्ये आणि पुनर्चक्रण उद्योगाला मिळणारे निश्चित उत्पन्न या गोष्टी जुन्या पद्धतीपेक्षा सुधारणा मानल्या जातात. साधनांचे आयुष्य वाढवण्यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळही सुरू केले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती ग्राहकांना उपलब्ध करून देणे अपेक्षित आहे.

## हेही पहा

* ई-कचरा
* विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व
* बासेल करार
* महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
* घनकचरा व्यवस्थापन
* लोणावळा
* इंद्रायणी नदी